सूत्र, भाष्य आणि संगणकाचे मॅन्युअल

गोष्ट 1992 च्या एप्रिल महिन्यातली. अकोल्यातील एका शाळेत नववीचे वार्षिक गुण संगणकात भरण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले होते. दोन रात्री जागून गुण भरले. आता त्यांची एक प्रत फ्लॉपीवर ठेवावी, म्हणून ‘कॉपी’ ही आज्ञा दिली. यंत्राने निमूटपणे काम केले. फाईल उघडून पाहतो तो गुण सहामाहीचे! फ्लॉपीवर त्याच नावाची जुनी फाईल होती. आम्ही आज्ञेतील नावांचा क्रम उलटा दिला होता. त्यामुळे नवी फाईल फ्लॉपीवर जाण्याऐवजी जुनीच हार्ड डिस्कवर आली आणि नवीच्या जागी जाऊन बसली.

यात यंत्राचा दोष नव्हता, सांगितले तेच त्याने केले होते. आम्ही कॉपीची आज्ञा शिकलो होतो ती एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेली. यंत्रासोबत पुस्तक आलेच नव्हते, आणि ते मागावे असे आम्हालाही सुचले नव्हते. पुढच्या आठवड्यात मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला गेलो. तिथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कुलूपबंद कपाटात, डॉसचे मॅन्युअल होते. विनंती करून ‘कॉपी’चे पान काढले. आधी मूळ फाईल, मग ती जिथे न्यायची ते ठिकाण, हा क्रम तिथे पहिल्याच ओळीत दिलेला होता. दोन रात्रींची मेहनत वाचवू शकेल अशी ती एक ओळ होती. आम्ही त्या पानाची झेरॉक्स काढली आणि परतलो.

त्या दिवसापासून आम्हाला या पुस्तकांविषयी कुतूहल वाटू लागले. ती कोणी लिहिली? अशी तुटक भाषेत का लिहिली? आणि ती वाचायची तरी कशी?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. फाईल कुठे ठेवायची, स्मृतीचा कोणता भाग कोणत्या कामाला द्यायचा, छपाईयंत्राशी कोणी केव्हा बोलायचे, हे सारे ती पाहते. 1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अशीच एक प्रणाली रचायला घेतली. तिचे नाव युनिक्स. सुरुवातीला ती वापरणारे मोजकेच होते आणि ते सारे एकमेकांना ओळखत होते. काही अडले की शेजारच्या खोलीत जाऊन विचारायचे, की झाले. पण वापरणारे वाढू लागले तसे हे पुरेना. त्यांचे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय यांनी मॅन्युअलचा आग्रह धरला. 3 नोव्हेंबर 1971 अशी तारीख असलेली त्याची पहिली आवृत्ती निघाली.

या मॅन्युअलची रचना पाहण्यासारखी आहे. त्याचे सात विभाग होते. पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात प्रणालीला थेट केलेली आवाहने, तिसऱ्यात तयार उपकार्यक्रम, पाचव्यात फाईलींची रचना, असे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानाचा साचा एकच. आधी नाव आणि एका ओळीत काम. मग आज्ञा लिहिण्याची रीत, त्यानंतर वर्णन, संबंधित फाईली आणि ‘हेही पाहा’. शेवटी एक मथळा असे, ‘बग्ज’ म्हणजे त्रुटी. पहिल्या आवृत्तीत तर त्या आज्ञेची जबाबदारी कोणाची, हेही संक्षिप्त नावाने नोंदवलेले असे.

शिक्षकांनी ‘त्रुटी’ या मथळ्याजवळ जरा थांबावे. आपण केलेल्या वस्तूत काय बिघडते, हे करणाऱ्यानेच छापून द्यायचे! याचा एक अनपेक्षित फायदा झाला. मॅकिलरॉय यांनी पुढे सांगितले आहे, की नवी आवृत्ती निघायची वेळ आली की प्रयोगशाळेत धावपळ उडे. एखादी ओबडधोबड गोष्ट कागदावर लिहू लागले की ‘हे छापायचे कसे?’ असे वाटे, आणि मग लोक वर्णन बदलण्याऐवजी कार्यक्रमच सुधारत. शिकवण्याची टिपणे काढताना आपल्याच समजुतीतली भोके दिसू लागतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. इथे तेच घडले.

लवकरच हे पुस्तक यंत्रातच साठवले गेले. ‘मॅन’ असे टंकित करून पुढे आज्ञेचे नाव दिले, की ते पान पडद्यावर येऊ लागले. मॅन्युअल कपाटातून बाहेर आले ते असे.

पण ही पाने नवख्याला समजत नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती खरी आहे. कारण ती शिकवण्यासाठी लिहिलेलीच नाहीत, आठवण देण्यासाठी लिहिलेली आहेत. आपल्या वऱ्हाडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथे म्हाइंभटांनी सुमारे 1278 साली चक्रधरस्वामींच्या आठवणी अनेकांकडून मिळवून, पारखून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे केसोबासांनी स्वामींची वचने निवडून, विषयवार लावून सूत्रपाठ तयार केला. सूत्र छोटे, पाठ करायला सोपे, पण एकटे वाचले तर अर्थ निसटतो. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ रचले गेले, भाष्ये झाली. पुढच्या पोथ्यांत तर एकाच लीळेचे निरनिराळे पाठ कोणाचे आहेत, हे नावानिशी नोंदलेले दिसते. विषय अगदी वेगळा, काळ सात शतकांपूर्वीचा. पण सूत्र वेगळे ठेवावे, भाष्य वेगळे द्यावे आणि जे अनिश्चित आहे ते झाकू नये, ही शिस्त तीच.

युनिक्सलाही असा भाष्यकार भेटला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स. विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची, तर खरीखुरी प्रणाली ओळ न् ओळ वाचली पाहिजे, असे त्यांचे मत. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींच्या आत बसत होता. लायन्स यांनी तो एका पुस्तकात छापला आणि दुसऱ्या पुस्तकात त्यावर भाष्य लिहिले. ही दोन्ही पुस्तके 1977 पर्यंत सिद्ध झाली. पण 1979 साली आलेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकवायला बंदी घातली. मग जगभरचे विद्यार्थी लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचू लागले. पुस्तक रीतसर प्रकाशित व्हायला 1996 साल उजाडले. अमरावतीहून एका पानाची झेरॉक्स घेऊन येताना आपण केवढ्या मोठ्या बिरादरीत सामील होत आहोत, याची आम्हाला कल्पना नव्हती.

कुलूप हळूहळू उघडत गेले. डॉसच्या 1991 सालच्या पाचव्या आवृत्तीत कोणत्याही आज्ञेपुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह दिले की थोडक्यात मदत मिळू लागली. 1993 सालच्या 6.2 आवृत्तीत ‘कॉपी’ने जुनी फाईल पुसण्याआधी विचारायला सुरुवात केली. आमचे गुण तिने वाचवले असते! लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली लिनक्सचा गाभा लोकांसमोर ठेवला. मग संहिताही खुली झाली आणि मॅन्युअलची पानेही कोणाच्याही यंत्रावर विनामूल्य आली.

एक कुलूप मात्र बाकी आहे, भाषेचे. 1991 साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. लिनक्सच्या पडद्यावरील सूचनाही पुढे मराठीत आल्या. परंतु मॅन्युअलची पाने अजून बहुतांशी इंग्रजीतच आहेत. म्हणजे अडलेल्या विद्यार्थ्याला उत्तर दोन बोटांच्या अंतरावर असूनही तो ‘कोणीतरी जाणकार’ शोधत बसतो. रिद्धपूरला 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. सूत्रे आणि भाष्ये जिथे मराठीत रचली गेली, त्या भूमीने हे काम आपले मानायला हरकत नसावी.

आज मोबाईलला प्रश्न विचारला की झटकन उत्तर मिळते, मग मॅन्युअल कशाला, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना एवढेच विचारावे, की मिळालेले उत्तर कोणत्या आवृत्तीचे आहे? यंत्रातले पान सहसा त्याच यंत्रावरच्या आवृत्तीचे असते. शिवाय आपल्याकडच्या मुलांना सवय असते ती गाईडची. गाईड उत्तर देते, पण ठरावीक प्रश्नाचे. मॅन्युअलमध्ये आपला प्रश्न छापलेला नसतो. तो आपण मांडायचा आणि उत्तर शोधायचे. परीक्षा संपली की गाईड रद्दीत जाते, शोधण्याची सवय मात्र राहते.

ही सवय लावायला संगणकच हवा असे नाही. आम्ही एकदा आठवीच्या मुलांना प्रयोगशाळेतील एकेका उपकरणाचे पान याच साच्यात लिहायला सांगितले. नाव, वापरण्याची रीत, वर्णन, हेही पाहा, त्रुटी. एका मुलीने लिहिले, ‘सूक्ष्मदर्शक क्रमांक 3. त्रुटी : आरसा सैल आहे, बोटाने धरून ठेवावा लागतो.’ ते सूक्ष्मदर्शक कित्येक वर्षे आमच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘सुस्थितीत’ म्हणून नोंदलेले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही आरशाचा स्क्रू घट्ट करून घेतला.