गोलंदाज आणि यष्टिरक्षक : धावफलकातील जोडनावांचा इतिहास

मोहाली : येथील पंजाब क्रिकेट संघटनेच्या मैदानावर 30 मार्च 2011 रोजी झालेल्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पाकिस्तानचा सलामीवीर मोहम्मद हफीज 43 धावांवर बाद झाला, तेव्हा धावफलकात नोंद झाली ती 'झे. धोनी गो. मुनाफ पटेल' अशी. भारताने तो सामना 29 धावांनी जिंकला. क्रिकेटमध्ये एका बळीवर दोन नावे लिहिण्याची पद्धत जुनी आहे. मात्र बळी जमा होतो तो केवळ गोलंदाजाच्या खात्यात.

अशा जोडनावांमध्ये कसोटी क्रिकेटचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली आणि रॉडनी मार्श यांच्या नावावर आहे. लिलीच्या गोलंदाजीवर मार्शने 95 झेल टिपले. जानेवारी 1984 मध्ये सिडनी येथे दोघांनी एकाच कसोटीत निवृत्ती घेतली, तेव्हा लिलीचे बळी 355 होते आणि मार्शने यष्टीमागे बाद केलेले फलंदाजही 355. इतका नेमका योगायोग क्रिकेटच्या आकडेवारीत क्वचितच सापडतो. त्यांच्यानंतर ग्लेन मॅकग्रा व अ‍ॅडम गिलख्रिस्ट ही जोडी 90 झेलांपर्यंत पोहोचली.

वेगवान गोलंदाजाचा यष्टिरक्षक बराच मागे उभा राहतो आणि बॅटची कड घेतलेला चेंडू झेलतो. फिरकीला मात्र त्याला यष्टींना चिकटून उभे राहावे लागते. फलंदाज पुढे सरसावला की चेंडू कोणत्या बाजूला वळणार, हे फलंदाजाच्या आधी ओळखले तरच यष्टिचीत साधते. मार्शच्या 355 बळींत यष्टिचीत अवघे 12 आहेत. याउलट मुंबईचे नरेन ताम्हाणे यांनी 21 कसोटींत बाद केलेल्या 51 फलंदाजांपैकी 16 यष्टिचीत आहेत. दोघांच्या कौशल्याची तुलना या आकड्यांवरून होऊ शकत नाही. समोरून कोण गोलंदाजी करत होते, एवढेच त्यातून दिसते.

ताम्हाणे यांच्यासमोरून गोलंदाजी करणाऱ्यांत सुभाष गुप्ते होते. गुप्तेही मुंबईचेच. लेगब्रेक आणि गुगली यांवर विलक्षण हुकमत असलेल्या या गोलंदाजाने 36 कसोटींत 149 बळी घेतले. वेस्ट इंडीजचे गारफिल्ड सोबर्स त्यांना सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानत. ताम्हाणे यांनी 1955 च्या आरंभी पाकिस्तान दौऱ्यात कसोटी पदार्पण केले. पाचही कसोटी अनिर्णित राहिलेल्या त्या मालिकेत गुप्ते आणि ताम्हाणे एकत्र खेळले.

या जोडीचे नाव सर्वाधिक निघते ते मात्र एका सुटलेल्या झेलामुळे. डिसेंबर 1958 मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर वेस्ट इंडीजचा पहिला डाव 222 धावांत आटोपला. गुप्ते यांनी 102 धावांत नऊ बळी घेतले. दहावा बळी लान्स गिब्जचा होऊ शकला असता. परंतु गुप्ते यांच्या चेंडूवर त्याचा झेल ताम्हाणे यांच्या हातून निसटला आणि पुढे त्याचा त्रिफळा पुण्याच्या वसंत रांजणे यांनी उडवला. सोबर्सच्या दुसऱ्या डावातील 198 धावांमुळे तो सामना भारताने 203 धावांनी गमावला. ताम्हाणे यांच्यासारख्या निष्णात यष्टिरक्षकाची ओळख त्या एका क्षणापुरती उरावी, हा अन्यायच म्हणावा लागेल.

एका डावात सर्व दहा बळी घेणारा पहिला भारतीय पाहण्यासाठी त्यानंतर चार दशके लागली. फेब्रुवारी 1999 मध्ये दिल्लीत अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानविरुद्ध 74 धावांत दहा बळी घेतले. त्यातील पहिला बळी, शाहिद आफ्रिदीचा, यष्टिरक्षक नयन मोंगिया यांच्या हाती विसावला होता. डिसेंबर 1994 मध्ये मोहालीत पहिली कसोटी झाली, त्या वेळीही भारताचे यष्टिरक्षक मोंगियाच होते.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर आणि मागे बसणारा कॅचर यांचे नाते याहून वेगळे असते. कोणता चेंडू टाकावा, याची खूण परंपरेने कॅचर बोटांनी करतो. सेंट लुईस कार्डिनल्सचे अ‍ॅडम वेनराइट आणि यादिएर मोलिना यांनी 328 सामन्यांची सुरुवात जोडीने केली; तो तेथील विक्रम आहे. क्रिकेटमध्ये चेंडूची निवड गोलंदाजाची असते, यष्टिरक्षकाचा सल्ला मात्र घेतला जातो.

मोहालीला लागून असलेले चंदीगड हे कपिलदेव यांचे जन्मगाव. त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्यात यष्टीमागे प्रामुख्याने सय्यद किरमाणी होते. 88 कसोटींत 160 झेल आणि 38 यष्टिचीत ही त्यांची कामगिरी. 1983 च्या विश्वचषकात त्यांना सर्वोत्तम यष्टिरक्षकाचा मान मिळाला. अंतिम सामन्यात मुंबईच्या बलविंदरसिंग संधू यांच्या गोलंदाजीवर फौद बॅकसचा सूर मारून घेतलेला त्यांचा झेल आजही स्मरणात आहे. कपिलदेव यांचा 434 कसोटी बळींचा टप्पा रविचंद्रन अश्विन यांनी मार्च 2022 मध्ये श्रीलंकेविरुद्ध ओलांडला, तो मोहालीतच. त्या सामन्यात यष्टीमागे ऋषभ पंत होता.