नाताळ

येशू ख्रिस्ताच्या जन्माप्रीत्यर्थ जगभरचे ख्रिस्ती लोक साजरा करीत असलेला प्रमुख सण. बहुतेक ख्रिस्ती पंथ तो २५ डिसेंबर रोजी पाळतात. ‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून आला असून त्याचे मूळ लॅटिन ‘नातालिस’ (जन्मविषयक) या शब्दात आहे. इंग्रजीतील ‘ख्रिसमस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ख्रिस्ताचा मिस्सा’, म्हणजे त्याच्या नावाने होणारी उपासना, असा आहे. पहिला शब्द जन्म सुचवितो, तर दुसरा उपासना. थोर पुरुषांच्या जयंत्या सर्वच समाजांत पाळल्या जातात. तथापि नाताळ ही त्या अर्थाने जयंती नव्हे. ईश्वराने मानवी देह धारण केला, या श्रद्धेचा तो उत्सव होय. ही श्रद्धा कशी सिद्ध झाली, सणाशी तिचा संबंध कसा जुळला आणि गोवा, मुंबई, नागपूर इ. मराठी भाषिक भागांत तिची मांडणी व चिकित्सा कशी झाली, याचा परामर्श येथे घेतला आहे.

जन्मकथा व जन्मकाल : येशूच्या जन्माचा वृत्तांत नव्या करारातील मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांतच आढळतो. पूर्वेकडील ज्ञाते, तारा आणि हेरोद राजाने केलेला बालसंहार हे प्रसंग मत्तयाने, तर शिरगणती, गव्हाण व मेंढपाळ हे प्रसंग लूकने दिले आहेत. बेथलेहेम हे जन्मस्थान व मरिया ही कुमारी माता याविषयी दोघांत एकवाक्यता आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ येशूच्या बाप्तिस्म्यापासून होतो, तर योहान जन्मकथा न सांगता विश्वारंभी ईश्वराजवळ असलेला ‘शब्द’ (ग्रीक ‘लोगोस’) देही झाला, असे प्रतिपादन करतो. पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्या आधीची आहेत. त्यांत जन्मकथा नाही, परंतु ख्रिस्ताने ईश्वरस्वरूप असूनही दासाचे रूप घेतले, हा विचार आहे. म्हणजे येशूच्या दैवी स्वरूपाची जाणीव ही जन्मकथांमधून उपजलेली नाही. ती पुनरुत्थानावरील श्रद्धेतून आली आणि जन्मकथांना तिच्या प्रकाशात अर्थ प्राप्त झाला, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात.

येशूच्या जन्माची तिथी नव्या करारात दिलेली नाही. हेरोद राजाचा मृत्यू सामान्यतः इ. स. पू. ४ मध्ये झाला असे मानतात. त्यामुळे येशूचा जन्म त्यापूर्वी दोनएक वर्षांत झाला असावा. लूकने उल्लेखिलेली क्विरिनियसची शिरगणती मात्र इ. स. ६ मधील असल्याने या दोन निर्देशांचा मेळ घालणे कठीण जाते. डायोनिशियस एक्सिगुअस याने ५२५ मध्ये ख्रिस्ती शकाची गणना बसविताना काही वर्षांची चूक केल्यामुळे, ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळात पडावा, असा विचित्र योग आला आहे.

सणाची उत्पत्ती : पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती लोक येशूचा जन्मोत्सव करीत असल्याचा पुरावा नाही. त्यांचा मुख्य उत्सव पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा, होता. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट (सु. १५०–सु. २१५) जन्मदिनाविषयीची निरनिराळी मते नोंदवितो, तर ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने जन्मदिवस साजरा करणे हे फेअरो व हेरोद यांच्यासारख्यांचे लक्षण म्हणून त्याज्य ठरविले. २५ डिसेंबरचा सर्वांत जुना निश्चित निर्देश ३५४ च्या एका रोमन पंचांगात मिळतो. त्यातील यादी ३३६ च्या सुमाराची असल्यामुळे तेव्हा रोममध्ये हा दिवस रूढ झाला होता, असे दिसते. पूर्वेकडील चर्चमध्ये ६ जानेवारी हा प्रकटीकरणाचा दिवस प्रचलित होता. आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव त्याच दिवशी करते. तर जुने जूलियन पंचांग पाळणाऱ्या काही ऑर्थोडॉक्स चर्चांचा २५ डिसेंबर हल्लीच्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीस येतो.

हीच तिथी का निवडली गेली, याविषयी दोन प्रमुख उपपत्ती आहेत. एका उपपत्तीनुसार रोमन सम्राट ऑरेलियन याने २७४ मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या ‘अजिंक्य सूर्या’च्या उत्सवाला पर्याय म्हणून ही तिथी स्वीकारण्यात आली. दुसऱ्या उपपत्तीनुसार येशूचा गर्भसंभव व मृत्यू एकाच तिथीस, म्हणजे २५ मार्चला झाला, अशा समजुतीने त्यापुढे नऊ महिने मोजून जन्मतिथी ठरविण्यात आली. दोहोंपैकी कोणतीही निर्विवाद नाही. सूर्योपासनेचा संपर्क मात्र काही काळ टिकून होता. पाचव्या शतकात पोप पहिला लिओ याने, सेंट पीटर मंदिराच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला वंदन करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची आपल्या नाताळच्या प्रवचनात कानउघाडणी केली होती.

ईश्वरत्वाचा सिद्धांत : सणाचा प्रसार आणि येशूच्या ईश्वरत्वाविषयीचा मोठा वाद या दोन्ही घटना चौथ्या शतकातील होत. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या मते पुत्र हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ असला, तरी तो निर्मित आहे. तो अनादी नाही. सम्राट कॉन्स्टंटीनने ३२५ मध्ये बोलावलेल्या नायसीया (निकेआ) येथील धर्मपरिषदेने हे मत अमान्य करून पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा निर्णय दिला. वाद तेथे संपला नाही. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला दुजोरा दिल्यावरच तो निर्णय स्थिरावला. ४३१ मध्ये एफेसस येथे मरियेस ‘ईश्वरमाता’ ही संज्ञा मान्य झाली. ४५१ च्या कॅल्सिडॉनच्या परिषदेने येशू हा पूर्णतः ईश्वर व पूर्णतः मानव असून ही दोन स्वरूपे एकाच व्यक्तीत मिश्रण वा विभाजन न होता नांदतात, असे सूत्र मांडले. ईजिप्त, सिरिया व आर्मेनिया येथील काही चर्चांना ते मान्य झाले नाही.

या वादांतील सूक्ष्म परिभाषेमागे एक साधा प्रश्न होता : मनुष्याला जो तारतो तो स्वतः ईश्वर नसेल, तर त्याच्या ठायी ईश्वराची भेट होते असे कसे म्हणता येईल, आणि तो खरोखर मनुष्य नसेल, तर मनुष्याचे दुःख त्याने भोगले असे कसे म्हणता येईल? गव्हाणीतील बालक हे या दोन्ही बाजूंचे एकत्रित प्रतीक ठरले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो या गावी जिवंत जनावरांसह गव्हाणीचा देखावा उभारून त्या प्रतीकास लोकप्रिय रूप दिले. आज गोव्यात व वसईत घरोघरी मांडल्या जाणाऱ्या गोठ्यांची परंपरा त्याच्याशी नाते सांगते.

मराठी प्रदेशातील दोन प्रवाह : नाताळचा सण मराठी भाषिकांकडे प्रथम पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० मध्ये गोवा व १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्या प्रदेशांत रोमन कॅथलिक पंथ रुजला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यानंतरही तेथील ख्रिस्ती समाज टिकून राहिला. मध्यरात्रीचा मिस्सा, ताऱ्याच्या आकाराचे आकाशकंदील, नेवऱ्या-दोदोलसारखे पदार्थ आणि शेजाऱ्यांना फराळ पाठविण्याची चाल यांमुळे या प्रवाहातील नाताळ स्थानिक सणांच्या पंक्तीत सहज बसला.

या परंपरेचे सर्वश्रेष्ठ वाङ्मयीन फलित म्हणजे इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ख्रिस्तपुराण. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्स यांनी साष्टी भागात सुमारे चाळीस वर्षे काढली. नवख्रिस्ती लोकांना पूर्वीच्या पुराणांच्या जागी गावयास व ऐकावयास काही हवे, ही गरज ओळखून त्यांनी कोकणी मिश्रित मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रचला. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापण्यात आला. ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर आणि ‘दुसरे पुराण’ येशूच्या चरित्रावर आधारलेले आहे. विश्वनिर्मितीपासून आरंभ करून तारणाच्या वचनाची दीर्घ प्रतीक्षा श्रोत्यांना अनुभवावयास लावून मगच ते येशूच्या जन्माकडे वळते. त्यामुळे जन्माचा प्रसंग सुटी कथा न राहता एका विश्वव्यापी योजनेचा भाग ठरतो. पुराण हा वाङ्मयप्रकार त्यासाठी सर्वस्वी अनुरूप होता.

दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंट मिशनांचा. विल्यम कॅरी याच्या देखरेखीखाली सिरॅमपूर येथे १८०५ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत सुरू झाले. नागपुरास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) हे १८४५ मध्ये आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. शाळा चालविणे, गोंड जमातीची माहिती व भूस्तरांतील जीवाश्म गोळा करणे अशी बहुविध कामे त्यांनी केली. टाकळघाटच्या शिळावर्तुळांची पाहणी करून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते बुडून मरण पावले. १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ही दोन्ही मिशने ज्या परंपरांतून आली, त्यांना नाताळचे वावडे होते. बायबलात आधार नाही, म्हणून स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनी १५६० मध्ये असे सण निषिद्ध ठरविले आणि त्या देशात नाताळला सार्वजनिक सुटी १९५८ मध्येच मिळाली. अमेरिकन मिशनची पाळेमुळे ज्या मॅसॅचूसेट्समध्ये होती, तेथे १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास दंड होत असे. साहजिकच या प्रवाहाचा भर सणापेक्षा सिद्धांतावर, म्हणजे येशू कोण होता या प्रश्नावर, राहिला. गोव्याकडून मराठीस सण व त्याचे नाव मिळाले. त्याच्या अर्थाविषयीचा मराठी वाद मात्र मुंबई, पुणे व नागपूर येथील शाळा, सभा आणि वृत्तपत्रे यांत झाला.

अवतार की देहधारण : या वादाचा गाभा शब्दांच्या निवडीतच दिसतो. ईश्वर मनुष्यरूप घेतो, ही कल्पना मराठी श्रोत्यास अपरिचित नव्हती. ‘अवतार’ हा शब्द तयार होता. परंतु अवतार अनेक, युगायुगांत पुनःपुन्हा होणारे आणि कार्य संपताच देह सोडणारे. ख्रिस्ती सिद्धांतानुसार ही घटना एकदाच, इतिहासातील ठरावीक काळी घडली आणि तीत स्वीकारलेले मानवत्व कायमचे आहे. म्हणून ‘देहधारण’ हा शब्द ख्रिस्ती लेखनात रूढ झाला. विरोधकांचे आक्षेप परस्परविरुद्ध दिशांनी आले. विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वादविवाद केले. परंपरानिष्ठांच्या दृष्टीने एकाच अवताराचा आग्रह अनाकलनीय होता. उलट १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजास ईश्वर अवतार घेतो हेच मान्य नव्हते. येशूच्या नीतिबोधाविषयी मात्र त्याच्या अनुयायांत आदर होता. येशूची शिकवण घ्यावी आणि त्याचे ईश्वरत्व सोडावे, ही राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये मांडलेली भूमिका पुढे अनेक सुशिक्षितांस पटली. महात्मा गांधी यांनीही गिरिप्रवचनाचा गौरव केला. परंतु येशू हाच ईश्वराचा एकमेव पुत्र, हे मानणे आपणास शक्य झाले नाही, असे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

ख्रिस्ती झालेल्या मराठी विचारवंतांनाही हा प्रश्न सोपा गेला नाही. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) प्रदीर्घ शास्त्रार्थानंतर १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी येशूच्या ईश्वरत्वाचे तर्कशुद्ध समर्थन केले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि त्रैक्य, येशूचे ईश्वरत्व आणि कुमारीजन्म यांविषयीचे आपले प्रश्न त्यांनी गुरुस्थानी असलेल्या भगिनींपुढे पत्रांतून निर्भीडपणे मांडले. चर्चची आज्ञा एवढ्यावरून काही स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षांनी आपणास ख्रिस्ताचा खरा अनुभव आला, असे त्यांनी पुढे लिहिले.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग याहून वेगळा. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ ग्रंथाभ्यास केला होता. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी परिषदांची परिभाषा बाजूस ठेवून अभंग, ओवी व भजन यांतून ख्रिस्ताला गुरू, माउली व सखा म्हणून आळविले. तुकारामांच्या द्वारे आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. येशूचे समग्र चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन अपुरे राहिले. ते पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांनी पुढे नेले आणि ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांच्यानंतर तीन शतकांनी ओवी हा छंद पुन्हा त्याच विषयाकडे वळला, ही मराठी वाङ्मयेतिहासातील अर्थपूर्ण घटना होय. ज्या पंथात सणांविषयी उदासीनता होती, त्यातूनच भक्तीचा हा प्रवाह निघाला.

एकीकरण व आधुनिक स्वरूप : विसाव्या शतकात या भिन्न परंपरा एकमेकींच्या जवळ आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट इ. सहा चर्चसंघटना एकत्र येऊन ‘उत्तर भारतीय चर्च’ स्थापन झाले. तो दिवस आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्व प्रतीक्षेचा, पहिला रविवार होता. नाताळ पाळणारे व एके काळी तो वर्ज्य मानणारे, अशा दोन्ही परंपरांचे वारस येथे एका संघटनेत आले. उपासनापद्धतींत विविधता ठेवूनही त्यांना एकत्र येता आले.

एकोणिसाव्या शतकापासून वृक्ष, शुभेच्छापत्रे, भेटवस्तू व सांताक्लॉज यांमुळे नाताळला व्यापक लौकिक रूप आले आणि ख्रिस्ती नसलेलेही त्यात आनंदाने सहभागी होऊ लागले. या बाह्य रूपास धर्मश्रद्धेची अट नाही आणि त्यात वावगे असे काही नाही. मात्र त्यावरून सणाचा अर्थ उलगडत नाही. येशू केवळ थोर उपदेशक असता, तर त्याच्या शिकवणीचा दिवस पाळणे अधिक सयुक्तिक ठरले असते. अजून एक शब्दही न उच्चारलेल्या अर्भकापुढे ख्रिस्ती मनुष्य नतमस्तक होतो, यातच त्याची श्रद्धा व्यक्त होते. ती मान्य करणे वा न करणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. विष्णुबुवांपासून रमाबाईंपर्यंतच्या मराठी विचारवंतांनी मात्र तिला गंभीर प्रश्न म्हणून सामोरे जाणे पसंत केले, आणि नाताळविषयक मराठी विचाराचे मोल प्रामुख्याने त्यात आहे.