इंजिनावरचा पाहुणा

मंडळी, फाटकाशी उभं राहून तुम्ही लहानपणी आगगाडी पाहिली असेल. तेव्हा तुमचं लक्ष आधी कुठे गेलं? डब्यांकडे खासच नाही. ते गेलं इंजिनाकडे आणि त्यावरच्या ड्रायव्हरकडे. एकदा तरी त्याच्या शेजारी उभं राहायला मिळावं, असं वाटलंच असेल. ही हौस आगगाडीइतकीच जुनी आहे.

इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाली. त्याच्या तीनच आठवडे आधी फॅनी केंबल ही विशीतली नटी इंजिनावर चढली. शेजारी कोण? तर रेल्वे बांधणारा जॉर्ज स्टीफनसन! इंजिनाला छप्पर नव्हतं. तासाला ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, एवढा वेग. घोड्यापलीकडे वेग न पाहिलेल्या त्या काळात ती टोपी काढून वारा पीत उभी राहिली. तिने मैत्रिणीला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं.

पण उद्घाटनाच्याच दिवशी उलटं घडलं. गाडी पाणी घ्यायला पार्कसाइडला थांबली. पाहुणे रुळांवर उतरून गप्पा मारू लागले. इतक्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ इंजिन आलं. त्याखाली सापडून विल्यम हस्किसन हे पार्लमेंटचे सभासद त्याच संध्याकाळी वारले. हौसेला शिस्त हवी, हा धडा रेल्वेने असा पहिल्याच दिवशी घेतला.

म्हणून पुढे इंजिनावर चढायचं तर लेखी परवाना लागू लागला. ओ. एस. नॉक हे सिग्नलचे इंजिनियर. असा परवाना घेऊन ते कितीतरी इंजिनांवरून फिरले. घड्याळ हातात, वही गुडघ्यावर! वाफेचा दाब किती, चढावर वेग किती उतरला, हे टिपून त्यांनी लेख लिहिले. वाचकांना कळलं, की वेग काही आपोआप येत नाही. फायरमन, म्हणजे आगवाला, फावड्यामागून फावडं कोळसा भट्टीत नेमक्या जागी टाकतो, तेव्हा तो येतो.

ते काम किती कष्टाचं, पाहा. १९२८ साली लंडनहून एडिंबरोला ३९२ मैल न थांबता गाडी जाऊ लागली. एका जोडीला ते झेपणारं नव्हतं. म्हणून कोळशाच्या टेंडरमधून अवघा १८ इंच रुंदीचा बोळ काढला. त्यातून वाकून दुसरी जोडी पुढे जाई, दमलेली मागे येई.

ब्रिटिश रेल्वेवरची वाफेची शेवटची मोठी गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी धावली. पण हौशी मंडळी गप्प बसली नाहीत. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे त्यांनी १९५१ सालीच चालवायला घेतली होती. अशा रेल्वेंवर आज कारकून, मास्तर, सुतार सुटीच्या दिवशी राबतात. आधी इंजिन पुसायचं, मग कोळसा टाकायचा, मग कुठे चालवायचं. पाहुणा असा कामकरी झाला.

गुरुजी, १६ एप्रिल १८५३ ची मुंबई–ठाणे गाडी तुम्ही वर्गात शिकवताच. १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे, हे मुलांना पाठ असतं. पुढे तीन इंजिनं होती, त्यांवर काजळी माखलेले हात होते, हेही त्यांना सांगा. गाडी त्यांनी ओढली.