यंत्र मोठे की खेळ मोठा?



आमच्या गिरगावात सिनेमाला 'खेळ' म्हणण्याचीच जुनी रीत. पहिला खेळ, दुसरा खेळ, रात्रीचा खेळ. आज मुले टीव्हीला एक पेटी जोडतात आणि हातातल्या कळा दाबून पडद्यावर मोटारी पळवतात, त्यालाही आपण खेळच म्हणतो. त्या पेटीचे नाव कन्सोल. या दोन्ही खेळांत वाद मात्र एकच आहे. यंत्र लोकप्रिय होते ते स्वतःच्या ताकदीवर, की बाहेरची माणसे त्याच्यासाठी जे करून देतात त्यावर? हा वाद केवळ मुलांच्या करमणुकीचा आहे असे समजू नका. शाळेसाठी यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येक गुरुजींपुढे तो उभा आहे.

प्रथम जुना खेळ पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्यांचे यंत्र त्या काळी अव्वल. चित्र टिपणे, त्याची प्रत काढणे आणि ते पडद्यावर दाखवणे, ही तिन्ही कामे एकाच पेटीत होत. आणि पेटी अशी हलकी की एका माणसाने उचलून गावोगाव न्यावी. परंतु आरंभी त्यांनी ती कोणाला विकली नाही. माणसे आपली, चित्रेही आपलीच! मेलिएस नावाचा जादूगार यंत्र मागायला गेला, त्याला नकार मिळाला. त्याने लंडनहून दुसऱ्याचे यंत्र आणले आणि १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचे चित्र काढून लोकांना थक्क केले. ल्युमिएरांनी मात्र १९०५ च्या सुमारास चित्रे काढणेच थांबवले.

आता आपल्याकडे या. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ साली रँग्लर परांजपे मायदेशी परतले त्या स्वागताचेही चित्रण केले. म्हणजे यंत्र मुंबईत होते. पण लोकांच्या मनातली गोष्ट अजून पडद्यावर आली नव्हती. पुढे १९१०-११ च्या सुमारास गिरगावात धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या चरित्राचा खेळ पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की असे आपल्या रामकृष्णांचे चित्र का असू नये? १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, दादरला चित्रण केले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सँडहर्स्ट रोडवरचे ते थिएटर फणसवाडीतून पायी जाण्याच्या अंतरावर होते. त्या दिवशी तिथल्या यंत्राची ताकद काही वाढली नव्हती. वाढले ते त्या यंत्राचे आपल्याशी नाते. आणि ते जोडणारा माणूस ना यंत्राचा कारखानदार, ना थिएटरचा मालक!

हीच कथा कन्सोलच्या धंद्यात पुन्हा घडली. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली अशी पेटी काढली की तिच्यात निरनिराळे खेळ बदलून घालता येत. खेळ लिहिणाऱ्यांना मात्र ना नाव, ना विक्रीत वाटा. त्यांतले चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. बाहेरून खेळ करणारी ती पहिलीच. तिच्या खेळांनी अटारीची पेटीच अधिक खपली. पण मग कोणीही उठावे आणि खेळ काढावा, असे झाले. बाजारात रद्दी साचली, गिऱ्हाईक विटले आणि १९८३ साली तो सगळा धंदा कोसळला. जपानच्या निन्टेन्डोने त्यावरून धडा घेतला. १९८५ साली अमेरिकेत आपली पेटी आणताना तिने बाहेरच्यांना दार उघडले, पण दारावर पहारा ठेवला. एका कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे, असा दंडक घातला.

खरा सामना पुढे झाला. १९९४ साली सेगा कंपनीचे सॅटर्न आणि सोनीचे प्लेस्टेशन पाठोपाठ बाजारात आले. सॅटर्नमध्ये दोन प्रोसेसर, म्हणजे दोन मेंदू. पण दोघांना एकत्र राबवताना खेळ लिहिणारे हैराण झाले. १९९६ साली निन्टेन्डोचे ६४ आले. हिशेबाच्या वेगात ते प्लेस्टेशनला वरचढ. परंतु त्याचे खेळ महागड्या कार्ट्रिजवर निघत आणि तिच्यात जागाही थोडी. प्लेस्टेशनची सीडी स्वस्त आणि पोटात खूप मावणारी. स्क्वेअर ही नामांकित कंपनी निन्टेन्डोची जुनी सोबतीण. तिने १९९७ साली आपला 'फायनल फँटसी'चा सातवा भाग प्लेस्टेशनवर आणला. शेवटचा हिशेब असा: प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक खपले, निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाख, आणि सॅटर्न एक कोटीच्याही आत राहिले.

मग यंत्राच्या ताकदीला किंमतच नाही काय? आहे. कॅमेऱ्यावाचून फाळके काय करणार होते? आणि सीडी हाही यंत्राचाच गुण. परंतु तो निर्मात्याच्या उपयोगी पडणारा गुण होता. जी ताकद दुसऱ्याला सहज वापरता येते तीच कामाची. बाकीची जाहिरातीत शोभते. बैल कितीही दांडगा असला, तरी जू मानेना तर शेत नांगरले जात नाही.

आता शाळेकडे वळू. गावात वर्गणी होते, मोठा पडदा येतो, हार-नारळ होतो, आणि काही महिन्यांनी त्यावर कापड पडते. यंत्र बिघडलेले नसते; त्यात आपल्या मुलांच्या भाषेतले धडेच नसतात. उलट, सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मुलाने साधा मोबाईल धरला की धडा बोलू लागे. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मोबाईल त्यांनी बनवला नव्हता; धडे मात्र त्यांचे होते.

म्हणून दुकानदार यंत्राचा वेग सांगू लागला की गुरुजींनी दोन प्रश्न विचारावेत. यात मराठी धडे किती आहेत? आणि माझ्या गावच्या विहिरीवर, पिकावर मी धडा केला, तर तो यात घालता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.