गोळी थांबवायची कुणी?

मंडळी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा औषधांचा डबा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. हा डबा भरत कसा गेला, ते आज आपण इंग्लंडच्या उदाहरणावरून पाहू.

१९४८ साली तिथं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आधीचा विमा मुख्यतः कामगारांपुरता होता. आता म्हाताऱ्यांनाही फॅमिली डॉक्टर मोफत मिळाला. पुढं रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांवर चांगली औषधं आली. आयुष्य वाढलं, तसा डबाही भरला.

२००१ मध्ये सरकारनं सांगितलं, पंचाहत्तरीपुढच्यांची औषधं दरवर्षी तपासा. चार किंवा अधिक असतील तर दर सहा महिन्यांनी. पण २००४ च्या करारानं डॉक्टरांना आजारवार उद्दिष्टांचे गुण आणि त्यावर पैसे मिळू लागले. औषधांचा आढावा नोंदवल्याचेही गुण होते, गोळी कमी केल्याचे मात्र नव्हते.

हा पेच फक्त इंग्लंडचा नव्हता. २००५ मध्ये अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई, पाच आजार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं पाळली, तर बारा औषधं! यात चूक कुणा एका डॉक्टरची नाही.

२०२१ च्या इंग्लंडमधल्या सरकारी अहवालानं प्राथमिक सेवेतली किमान १० टक्के औषधं अनावश्यक ठरवली.

सुरू करणारे अनेक, थांबवणारा कुणीच नाही, हे या इतिहासाचं सार. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे अख्खा डबा घेऊन जाऊया. मनानं मात्र एकही गोळी बंद करायची नाही.