काचघर ते क्वार्टर : घरच्या फोटो स्टुडिओची गोष्ट

फोटो काढणे ही आज अगदी किरकोळ गोष्ट झाली आहे. खिशातून मोबाइल काढला, बोट लावले, झाले काम! परंतु माणसाचा एकट्याचा, नीट बसवून काढलेला, चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो किती घरांत सापडतो? आपल्या स्मरणिकेतील 'श्रद्धांजली'चे पान लावताना समितीला दरवर्षी हा अनुभव येतो. घरचे लोक आधीच दुःखात असतात, आणि आम्ही फोटो मागायला जातो. मिळतो तो कुणाच्या तरी लग्नातील ग्रूप फोटो. त्यातून चेहरा कापून घ्यावा तर खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहतो. स्त्रियांच्या बाबतीत तर एकटीचा फोटोच नसतो. असतो तो यजमानांच्या शेजारी उभे राहून काढलेला.

म्हणून यंदा सत्तरी ओलांडलेल्या सर्व सभासदांचे चांगले फोटो काढायचे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनियर. कोणतीही नवी यंत्रणा बसवण्यापूर्वी जुनी कशी होती हे पाहण्याची खोड आहे. त्यासाठी जे वाचन केले, ते वाचकांसमोर ठेवतो.

छायाचित्रणाची पहिली यशस्वी पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांनी जगापुढे आणली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे, पण त्याला कित्येक मिनिटे लागत. एवढा वेळ माणूस स्थिर बसणार कसा? डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतील माणसे एवढी गंभीर का दिसतात, याचे एक कारण हेही आहे. १८४० मध्ये व्हिएन्नाचे गणितज्ञ पेट्झवाल यांनी खास चेहऱ्याच्या फोटोसाठी भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स तयार केली. तिच्या आकडेमोडीसाठी त्यांना तोफखान्यातील गणित जाणणारे जवान मदतीला दिले होते! मिनिटांचे काम त्यामुळे सेकंदांवर येऊ लागले.

तरीही खरी अडचण प्रकाशाचीच होती. विजेचे दिवे घरोघरी यायला अजून पुष्कळ अवकाश होता. रिचर्ड बिअर्ड यांनी १८४१ साली लंडनमध्ये स्टुडिओ काढला तो रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या गच्चीवर, काचेच्या छताखाली. तेव्हापासून स्टुडिओ म्हणजे काचघर हे समीकरणच झाले. काचघर बांधायचे तर पैसा हवा, म्हणून फोटो हा श्रीमंतांचा शौक राहिला.

फोटो स्वस्त झाला तो दोन कारणांनी. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर ओल्या कलोडियनची पद्धत जाहीर केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. नंतर १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी यांनी एकाच प्लेटवर अनेक, बहुधा आठ, छोटे फोटो घेण्याचे पेटंट घेतले. आज आपण पासपोर्ट साइजचे आठ फोटो एका कागदावर छापून घेतो, तेव्हा त्याच काटकसरीचा लाभ घेत असतो.

आपल्या देशात ही विद्या फार उशिरा आली असे मुळीच नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते, ही आपणा मराठी माणसांना अभिमानाची गोष्ट. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे हे तर राजवाड्यातच स्वतः फोटो काढीत. त्यांनी काढलेल्या काचेच्या निगेटिव्ह जयपूरच्या संग्रहात आहेत. पण तो राजवाडा. आपल्याला क्वार्टरचा विचार करायचा आहे!

त्या दृष्टीने मला सर्वांत जवळची वाटली ती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई. हिचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्याचा. पुढे इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत असताना, १८६३ च्या डिसेंबरात मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाईचे वय ४८. तिने कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि काचा लावलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ! घरची मोलकरीण, शेजारीपाजारी, पाहुणे, जो सापडेल त्याला ती समोर बसवी. कवी टेनिसन, शास्त्रज्ञ हर्शेल आणि डार्विन यांचे तिने काढलेले फोटो आजही जगभर छापले जातात. जागा, वय, घरकाम यांतली एकही सबब तिने पुढे केली नाही.

दुसरे नाव आपल्या सिकंदराबादचेच. राजा दीनदयाळ हे मूळचे इंजिनियर, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १८४४ मध्ये मीरतजवळच्या सरधना येथे जन्म, रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिक्षण आणि १८६६ पासून इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर व ड्राफ्ट्समन. नोकरी सांभाळून १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ मध्ये मुंबई असे त्यांचे स्टुडिओ झाले. सहाव्या निजामाने त्यांना 'राजा' किताब दिला. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आणि फोटो काढायला श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाई. पडद्यातील स्त्रीलाही आपला चेहरा मागे राहावा असे वाटते, हे या माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते.

पुढचा इतिहास आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. कोरड्या प्लेट आल्या, मग फिल्म आली. आपल्या वडिलांच्या पिढीकडे आगफा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो आणि तो रोल पुरवायचा सहा महिने! १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, 'इंदू'ची कृष्णधवल फिल्म आणि कागद मिळू लागला. आता तो कारखानाही बंद झाला. कॅमेरा मात्र प्रत्येकाच्या खिशात आला. म्हणजे कॅमेऱ्याचा प्रश्न सुटला. राहिला तो १८४१ मधलाच, प्रकाशाचा.

त्यासाठी आमच्या क्वार्टरची उत्तरेची खिडकी निवडली. उत्तरेकडून थेट ऊन न येता मऊ प्रकाश येतो, म्हणून जुने स्टुडिओ उत्तरमुखी असत. मात्र हा नियम युरोपातला. सिकंदराबाद आहे साडेसतरा अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत इथे भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळी तिरके ऊन त्या खिडकीतून आत येते. त्यावर उपाय म्हणून खिडकीला जुने पांढरे धोतर एकेरी बांधले. ऊन आले तरी ते त्यातून गाळून, पसरून येते.

खिडकीपासून तीन-चार फुटांवर स्टूल, खिडकी माणसाच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल उभा केला की तिकडच्या गालावरची काळी सावली उजळते. पाठीमागे पाच फूट अंतर सोडून राखाडी चादर, म्हणजे सावली तिच्यावर पडत नाही. खोलीतले सर्व दिवे बंद, कारण ट्यूबलाइट आणि दिवसाचा प्रकाश एकत्र झाला की कातडीचा रंग बिघडतो. मोबाइल ट्रायपॉडवर, डोळ्यांच्या उंचीला, सहा-सात फुटांवर. जवळ नेला तर नाक मोठे दिसते. त्यापेक्षा झूम करावे. चष्म्यावर चमक आली तर काड्या कानावर किंचित वर उचलाव्या, चमक जाते. चादर, थर्मोकोल, साधा ट्रायपॉड आणि क्लिपा मिळून सारा खर्च दोन हजारांच्या आत बसला. धोतर घरचेच.

रविवारी सकाळी एकेक जण येऊ लागले. पुरुष मंडळी इस्त्रीचा शर्ट घालून लगेच बसली. स्त्रिया मात्र दारातूनच म्हणायच्या, "अहो, माझा एकटीचा कशाला?" आमच्या सौ.ने मग त्यांना आधी चहाला बसवायचे, पदर-केस नीट करून द्यायचे, आणि कॅमेऱ्यामागेही बहुतेक वेळा तीच उभी राहायची. मी थर्मोकोल धरून बाजूला. जनाना स्टुडिओची युक्ती १८९२ इतकीच आजही चालते! लालागुडा वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांच्या पत्नी, वय ८१, फोटो पाहून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लग्नाआधी मुलाकडच्यांना दाखवायला काढला होता, त्यानंतर एकटीचा हाच." त्यांनी तीन प्रती मागितल्या, तिन्ही मुलींसाठी.

एक विनंती मात्र सर्वांना करावीशी वाटते. फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, छापून घ्या. फोन बदलतो, बिघडतो, हरवतो आणि त्याबरोबर सगळे जाते. राजा दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या प्लेट दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही आहेत. मॅट कागदावर सहा बाय आठची एक प्रत काढावी, मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. नातवंडांना पुढे चेहरा ओळखू येईलच असे नाही. लिहिलेले नाव ओळखू येते.

आतापर्यंत चौतीस सभासदांचे फोटो झाले, अकरा बाकी आहेत. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांच्या घरी आम्हीच धोतर आणि थर्मोकोल घेऊन येऊ. फक्त एक खिडकी मोकळी करून ठेवावी आणि दुपारच्या आत वेळ कळवावी, ही विनंती.