पाटीलकी : गावच्या पुढारपणाची कुळकथा

नेतृत्व हा शब्द आज राजकारणातल्या थोर पुरुषांसाठी इतका सर्रास योजला जातो की, ज्या संस्थेत महाराष्ट्राने पुढारपण म्हणजे काय हे शतकानुशतके प्रत्यक्ष वागवून पाहिले, त्या पाटीलकीचे स्मरण त्याबरोबर सहसा कोणाला होत नाही. ऋग्वेदात ग्रामणी आहे. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, तोच गामणी होऊन शेताशिवारात वावरतो. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत त्याला ग्रामकूट म्हटले आहे. अकराव्या शतकात माळव्याच्या भोज परमाराच्या दानपत्रांत, दान दिलेल्या भूमीविषयीची राजाज्ञा गावकऱ्यांना कळविताना, पट्टकिलाचा उल्लेख येतो, आणि आपला पाटील हा या पट्टकिलाचाच वंशज होय. पुढे दक्षिणेत सुलतानी अंमल स्थिरावल्यावर दफ्तरात त्याला मुकद्दम, आणि मराठी लेखणीत मोकदम, हे आणखी एक नाव मिळाले. अरबीत त्याचा अर्थ पुढे केलेला, अग्रभागी ठेवलेला असा आहे, आणि पाटलाला पुढे करणारे दोघे होते : एक सरकार, दुसरा गाव.

सुगी आटोपून हप्त्याचे दिवस आले की सरकारी वसूल पाहणाऱ्या कमाविसदाराचा शिपाई प्रथम पाटलाच्या दारी येई. सारा गावाच्या नावे एकत्र ठरलेला असे. तेव्हा वसूल अपुरा पडला तर अडकून पडण्याची, प्रसंगी ओलीस राहण्याची पाळी पाटलावर येई, आणि भरणा पुरा करण्यासाठी सावकाराकडून गावाच्या नावे कर्ज काढले तर त्या खतावर नांगराची निशाणी त्याची पडे. उलट, पाऊस दगा देऊन किंवा परचक्र येऊन रयत परागंदा झाली, म्हणजे कमाविसदारापुढे बसून सुटीसाठी हुज्जत घालणे, कौल मिळविणे, पहिल्या वर्षी हलका व पुढे चढता असा इस्तावा ठरवून घेणे आणि पळालेल्या कुळांची समजूत घालून पडीत जमिनीची लावणीसंचणी करणे, हेही त्याचेच काम. पेशवाईनंतर इंग्रजांनी जिंकलेल्या मुलखाविषयी त्यांचा अधिकारी एल्फिन्स्टन याने 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात सरकारचे हुकूम बजावण्यास पाटील जितका उपयोगी, तितकाच रयतेचे हक्क सांगण्यास किंवा निदान तिची गाऱ्हाणी वर पोचविण्यास उपयोगी, असे त्याने मोकळेपणाने नमूद केले आहे. परक्या अधिकाऱ्याच्या नजरेने टिपलेले हे दुहेरीपण मला पाटीलकीचे सारसर्वस्व वाटते.

या जोखमीच्या बदल्यात हक्कलाजिमा होता, इनाम जमीन होती, आणि सर्वांहून प्रिय असा मानपान होता. पोळ्याला तोरणाखालून पहिले बैल पाटलाचे, होळीची पूजा पहिली पाटलाची. पाटीलकी विकली गेली किंवा भावाभावांत वाटली गेली, म्हणजे शिरळशेटाची पूजा पहिली कोणी करावी, वाजंत्री आधी कोणाच्या दारी वाजावी, विडा कोणाच्या हाती प्रथम पडावा, याची कलमे पंचांसमक्ष कागदावर चढत. ही क्षुल्लक हौस नव्हे. ज्याच्या गळ्यात गावचे देणे अडकविले आहे तो हाच, ही गोष्ट सगळ्या गावाने वर्षातून चार वेळा डोळ्यांनी पाहावी, अशी ती तजवीज होती.

वतन बापाकडून लेकाकडे जाई, परंतु बापाची योग्यता त्याबरोबर जाईच असे नाही, आणि पाटीलकीचे मोठे वैगुण्य हेच. 1646 साली पुण्यानजीकच्या रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडून पाटीलकी जप्त केली. मात्र ती पुढे सोपविली त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे, ज्याने त्या अपंग माणसाचा सांभाळ पत्करला होता. माणसाला शासन केले, तरी वतन कुळाबाहेर जाऊ दिले नाही. कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले महादजी शिंदे 1784 साली बादशहाचे वकील-इ-मुतलक झाल्यावरही पाटीलबावाच राहिले, यावरून, हे वैगुण्य असूनही या वतनाची प्रतिष्ठा केवढी होती, ते ध्यानात येते.

पाटीलकीचा कणा मोडला तो मात्र कोणत्याही लढाईत नव्हे, तर मोजणीच्या साखळीने. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पाहणी लागू केली, तिने सारा शेताशेतावर बसविला आणि ज्याच्या नावे खाते तोच त्याचा देणेकरी ठरला. रयतेच्या दृष्टीने त्यात न्याय होता, हे कबूल केलेच पाहिजे. शेजाऱ्याच्या बुडीत वसुलाचा बोजा आता कोणावर पडणार नव्हता. पण त्याबरोबरच संपूर्ण गावाचा जामीन म्हणून उभा राहणारा पाटीलही नाहीसा झाला, आणि उरला तो वसूल गोळा करून तालुक्याला पोचविणारा, मुशाहिरा घेणारा गावकामगार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा या नव्या पाटलाला पाऊणशे वर्षे लोटली होती. 1 जानेवारी 1963 पासून मुलकी पाटलाचे पद कायद्याने बंद झाले. 1967 च्या अधिनियमाने पोलीस पाटील तेवढा राहिला, आणि तोही नेमणुकीचा. वंशपरंपरा गेली, हे माझ्या मते उचितच झाले. गावाच्या वतीने सरकारला आणि सरकारच्या वतीने गावाला जाब देण्याचे जे काम पूर्वी एकाच माणसाकडे होते, ते मात्र पुढे तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि पोलीस पाटील अशा चौघांत वाटले गेले आहे, आणि गावचा सारा थकला म्हणून त्यांपैकी कोणालाही ओलीस राहावे लागत नाही.